जुन्या मोटारसायकलीचा श्वास

मोटारसायकल पेट्रोलवर चालते असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्या पोटांत जें जातें त्याचें वजन केलें, तर पेट्रोल त्यांत अगदींच थोडें निघेल. एक ग्रॅम पेट्रोल पुरतेपणीं जळावयाचें म्हणजे सुमारें 14.7 ग्रॅम हवा लागते. होंडा कंपनीनें 1969 सालीं विक्रीस आणलेली सीबी 750 ही गाडी घ्या. तिच्या चार सिलिंडरांचें मिळून आकारमान 736 घन सेंटिमीटर. मिनिटाला 8000 फेरे चालले असतां, सिलिंडर दर वेळीं पूर्ण भरतात असें धरल्यास, हें एंजिन एका मिनिटांत 2900 लिटरांहून अधिक हवा ओढतें. प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 67 वेळां श्वास घेतो. अशा यंत्राच्या नाकापुढें काय ठेवावें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

कारखान्यांतून गाडी निघते तेव्हां कार्ब्युरेटरांच्या मागें, बैठकीखालीं, एक खोकें बसविलेलें असतें. त्यास एअर बॉक्स म्हणतात. धूळ गाळणें हें त्याचें काम सर्वांस ठाऊक असतें. पण तेवढ्यासाठीं एवढें मोठें खोकें लागलें नसतें. त्याच्या पोटांत शांत हवेचा सांठा असतो. बाहेर आडवा वारा सुटो कीं पाऊस लागो, कार्ब्युरेटरांना मिळणारी हवा सारखीच राहते. शिवाय हवा ओढतांना होणारा घोष तें गिळून टाकतें, आणि एंजिनाच्या पोटांतून नळीवाटें येणारी तेलाची वाफही पुनः जाळावयास पाठवितें.

मग लोक तें काढतात कां? कांहीं अंशीं रूपाकरितां. 1938 सालीं लंडनमध्यें उघडलेल्या एस कॅफेसारख्या ठिकाणीं पुढें जे तरुण आपल्या उघड्यावाघड्या वेगवान गाड्या घेऊन जमत, त्यांच्यावरून ‘कॅफे रेसर’ हें नांव रूढ झालें. आणि त्या धर्तीवर जुन्या जपानी गाड्या नटविणाऱ्यांना बैठकीखालचा त्रिकोण मोकळा हवा असतो. खोकें गेलें कीं प्रत्येक कार्ब्युरेटराच्या तोंडावर शंकूच्या आकाराची एकेक स्वतंत्र गाळणी, म्हणजे पॉड फिल्टर, बसते. दिसतें झकास. आवाजही भारदस्त येतो, आणि आवाज वाढला म्हणजे जोर वाढला अशी समजूत सहज होते.

प्रत्यक्षांत काय घडतें? कार्ब्युरेटराचा घसा मध्येंच अरुंद केलेला असतो. तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या ओढीनें जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल वर येतें. छिद्राचें माप ठरवितांना कारखान्यानें खोक्याचा अडथळा हिशेबांत धरलेला असतो. कारण त्या अडथळ्यानेंही पेट्रोलवरची ओढ थोडी वाढत असते. अडथळा काढला कीं हवा अधिक येते आणि पेट्रोल त्या मानानें कमी पडतें. असें दुबळें मिश्रण तापट असतें. स्पार्क प्लगची चिनी माती फिकट तपकिरी दिसावयाची ती पांढरीफटक दिसूं लागते. आणि भर वेगांत हीच स्थिति टिकली, तर पिस्टनच्या माथ्याला भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. तेव्हां मोठें जेट घालणें प्राप्त होतें.

मात्र मुख्य जेटचा अंमल थ्रॉटल तीन चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावरच चालतो. शहरांतला चालक तेथवर क्वचितच जातो. त्याचा बहुतेक प्रवास पायलट जेट आणि सुई यांच्या राज्यांत होतो, व खरा त्रास तेथेंच उद्भवतो.

येथें गाडीच्या सालाला महत्त्व येतें. 1969 च्या सीबी 750 मध्यें चालकाची मूठ तारेनें कार्ब्युरेटरांतील सरकती दट्टी थेट उचलते. सुईची कडी एक खांच खालीं लावली, जेट बदललें, पुनःपुन्हां प्लग काढून पाहिला, कीं चिकाटीच्या माणसाला ती गाडी वश होते. त्याच नांवाची 1979 ची गाडी मात्र वेगळ्या कुळांतली आहे. तिच्यांत मूठ फक्त एक झडप फिरविते. दट्टी वर उचलण्याचें काम रबराच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंस असणाऱ्या दाबांतील फरक करतो. खोक्यांतली शांत हवा हाच या फरकाचा आधार. ती गेली, आडव्या वाऱ्याचा झोत लागला, कीं दट्टी अडखळते आणि मधल्या वेगांत गाडी आचके देते. त्यांतच स्वस्त पॉडच्या तोंडाशीं आंतल्या बाजूस रबराची कड असते. ती कार्ब्युरेटराच्या मुखावरील हवेचीं लहान छिद्रें झांकून टाकते. मालक जेटमागून जेट बदलीत बसतो आणि दोष असतो त्या कडेंत! शिवाय अमेरिकेंत 1978 च्या नमुन्यांपासून मोटारसायकलींच्या धुरावर नियम आले. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांतील सुईला खांचाच नाहींत, म्हणून तिच्याखालीं बारीक चकत्या घालून ती उंच करावी लागते.

भारतांत 1983 पासून राजदूत 350 या नांवानें निघालेल्या यामाहाच्या दोन-धावी गाडीला ही चूक अधिक महाग पडते. तिचें वंगण पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच आंत येतें. मिश्रण दुबळें झालें कीं उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरांत आवळून बसतो. शिवाय उन्हाळ्यांतील कच्च्या रस्त्यांची धूळ उघड्या गाळणीवर सरळ येऊन बसते, ती निराळीच.

खोकें काढण्याचें आणखी एक कारण पुष्कळ जण सांगत नाहींत. चाळीस वर्षांत त्याच्या रबरी नळ्या लांकडासारख्या कडक होतात, आणि चार कार्ब्युरेटरांचीं तोंडें एकदम त्यांत बसवितांना बोटांचीं सालटें निघतात. पॉड लावले कीं ही कटकट मिटते. पण नळ्या चिरलेल्या नसतील, तर त्या थोडा वेळ कढत पाण्यांत ठेवाव्या आणि ऊन आहेत तोंच बसवाव्या. बहुधा तेवढ्यानें काम भागतें.