‘नाही’ न म्हणणाऱ्यांच्या गावात

योग्यकार्ता : आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी आहे. मुक्कामी पाहुण्यांनी 24 तासांच्या आत कळवावे, असं तिच्यावर लिहिलंय. इंडोनेशियात अशा पाट्या वस्तीवस्तीत दिसतात. कळवायचं असतं ते ‘पाक एर-ते’ यांना. एर-ते म्हणजे ‘रुकुन तेतांग्गा’, शेजाऱ्यांचा गट, आणि पाक एर-ते हे त्याचे प्रमुख. 1942 ते 1945 या काळात इथे जपानी अंमल होता, तेव्हा जपान्यांनी त्यांच्या देशातली शेजारगटांची पद्धत आणून बसवली. जपानी गेले, गट राहिले. काही सरकारी दाखल्यांसाठी आधी पाक एर-तेंची चिठ्ठी लागते, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या इथेच ठरतात आणि सुट्टीच्या सकाळी गटारं साफ करायला सगळे मिळून उतरतात ते याच गटात. बायकांची महिन्याची ‘अरिसान’ही इथलीच. अरिसान म्हणजे थेट आपली भिशी.

मी पहिल्याच पावसाळ्यात या गल्लीत चुकलो. घराचं छप्पर गळत होतं. कौलं बदलणाऱ्या गवंड्याला विचारलं, उद्या येणार का? तो हसून म्हणाला, “या, बेसोक.” ‘या’ म्हणजे हो, ‘बेसोक’ म्हणजे उद्या, एवढं मला शब्दकोशातून ठाऊक होतं. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीत भेटला, तेव्हा मी कमरेवर दोन्ही हात ठेवून मोठ्या आवाजात जाब विचारला. तो हसतच राहिला, तसा माझा पारा आणखी चढला. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या उठून आत गेल्या. मला वाटलं, माझं बरोबर आहे हे त्यांनाही पटलंय.

संध्याकाळी पाक एर-तेंच्या पत्नी आल्या. त्यांना सगळे ‘बू एर-ते’ म्हणतात. हातात तळलेल्या केळ्यांची बशी. अर्धा तास पाऊस, आंबे, माझी आई, तिची तब्येत, एवढंच बोलणं झालं. निघताना, चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, त्या गवंड्याचे वडील चार दिवसांपासून दवाखान्यात आहेत.

त्याने हे मला का सांगितलं नाही? माझ्यावर त्याच्या दुःखाचं ओझं पडू नये म्हणून. मग ‘हो’ का म्हणाला? कारण तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत एकटं पाडणं. त्याच्या ‘या’चा अर्थ एवढाच होता, की तुमचं ऐकलं. आणि इथल्या, जावा बेटावरच्या माणसाचा ‘बेसोक’ उद्याही असतो आणि पुढे कधीतरीही असतो. या संकोचाला इथे ‘सुंगकान’ म्हणतात. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : भीड. फरक असा, की आपल्याकडे भिडस्तपणा हा काहीसा दुबळेपणा मानतात आणि इथे तो संस्कार मानतात. मला इथे राहून त्यांचंच म्हणणं अधिक पटत चाललंय.

‘नाही’च्या जागी इथे बहुतेक वेळा ‘बलुम’ येतं, म्हणजे ‘अजून नाही’. लग्न झालंय का? बलुम. साठीतला अविवाहित गृहस्थही हेच उत्तर देतो. मुलं? बलुम. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणतो. अभद्र तोंडून काढायचं नाही ही ओढ दोन्हीकडची आहे. इथे तिची व्याप्ती मात्र फार मोठी आहे.

या प्रश्नांनी नवखा माणूस दचकतो. कुठे निघालात? आंघोळ झाली? जेवलात? ही चौकशी नव्हे, ही दखल आहे. ‘जालान-जालान’, म्हणजे जरा फिरायला, एवढं उत्तर पुरतं. उत्तर न देता पुढे जाणारा मात्र लक्षात राहतो.

बोलण्याचं आणि हाक मारण्याचं तर शास्त्रच आहे. जावानीज भाषेत ‘जेवणे’ला साधा शब्द ‘मांगान’, आदराचा ‘नेधा’ आणि वडीलधाऱ्यांसाठी ‘धाहार’. जावानीज लोक देशात सुमारे 40 टक्के, तरीही 28 ऑक्टोबर 1928 च्या युवक शपथेत तरुणांनी एकतेची भाषा म्हणून निवडली ती मलयमधून घडलेली इंडोनेशियन. तिच्यात या पायऱ्या नाहीत. पण माणसांनी पायऱ्या सोडल्या नाहीत. नुसत्या नावाने किंवा ‘कामू’ने, म्हणजे ‘तू’ने, मोठ्यांशी बोलत नाहीत. मोठ्यांना पाक आणि बू, तरुणांना मास आणि म्बाक, आपल्या दादा-ताईसारखं. दुकानदारालाही, रिक्षावाल्यालाही.

देहालाही व्याकरण आहे. उजवा हात घ्यायला-द्यायला. डावा वापरावाच लागला तर माफी मागून. वाट दाखवायची ती बोटाने नव्हे, मुठीवर टेकलेल्या उजव्या अंगठ्याने. बसलेल्या मोठ्यांसमोरून जाताना कंबर वाकवून, उजवा हात खाली सोडून ‘नुवुन सेवू’ म्हणतात. ‘सेवू’ म्हणजे हजार, म्हणजे ही हजारदा मागितलेली माफी. डोक्याला हात लावणं वर्ज्य. डोक्याला शब्द ‘कपाला’, आपलंच कपाळ. कमरेवर हात ठेवून उभं राहणं म्हणजे भांडण मागणं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

कुणाच्या घरी गेलात तर चहा येतो तो गरम, गोड आणि दाट. तो समोर ठेवला तरी उचलायचा नाही. यजमान ‘मोंग्गो’ म्हणेपर्यंत थांबायचं. अगदीच नको असेल तरी एक घोट घ्यावा.

हे सगळं जावाचं, आणि तेही योग्यकार्ता-सोलोच्या बाजूचं. उत्तर सुमात्राचे बाताक लोक मोकळ्या, चढ्या आवाजात, थेट बोलतात, त्यात कुणाला राग नसतो. देश हजारो बेटांचा आहे.

शिष्टाचाराची खरी कसोटी मात्र मरणाच्या दारी लागते. मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं आणि तासाभरात दारासमोर मांडव, खुर्च्या आणि चहा. मुस्लिम घर असो वा ख्रिस्ती, गल्ली जमते. फार बोलायचं नसतं, यायचं असतं आणि बसायचं असतं. त्या गवंड्याचे वडील गेले तेव्हा मी गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. त्याने येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला, मग स्वतःच्या छातीला लावला. पुढे ईदला मी त्याच्या घरी गेलो. त्या दिवशी इथे प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो, ‘मोहोन माआफ लाहिर दान बातिन’, म्हणजे उघड आणि मनातल्या साऱ्या चुकांची क्षमा असावी. मी ते त्याच्याआधी म्हणालो. छप्पर त्याने दोन आठवड्यांनी दुरुस्त केलं, पैसे ठरल्याइतकेच घेतले.

नोकरी-शिक्षणासाठी इकडे येणाऱ्या मराठी माणसांना एक सांगणं. सामान उघडण्याआधी पाक एर-तेंच्या घरी जा आणि नाव नोंदवा. जाताना हातात खाऊचा एक डबा असू द्या, आणि तो उजव्या हाताने द्या.