मिरचीची आग, मे महिन्याचं ऊन आणि खिशातला कांदा

उमरेड-भिवापूर पट्ट्यात मिरचीचा हंगाम आला की मिरची निवडायच्या सातऱ्यावर बाया दिवसभर देठं खुडतात. संध्याकाळी हातांची अशी आग होते की पोळी लाटणंही नको वाटतं. यावरचं ठरलेलं निदान म्हणजे ‘मिरचीची उष्णता अंगात शिरली’. पण ढिगातली मिरची आजूबाजूच्या हवेपेक्षा कणभरही तापलेली नसते. मग आग कसली होते?

मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेतल्या वेदनावाहक चेतातंतूंच्या टोकांवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्वचेचं तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की उघडायचं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडायचा, हे त्या प्रथिनाचं काम. कॅप्सेसिन त्याला भाजल्याशिवायच उघडतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखलं आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. भौगोलिक मानांकन मिरवणाऱ्या आपल्या भिवापुरी मिरचीचा झणका म्हणजे मेंदूला गेलेला खोटा निरोप, एवढंच. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसते हात धुऊन फरक पडत नाही. आधी खाण्याचं तेल चोळावं, मग साबण लावावा. तोंड पोळलं असेल तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं.

निरोप खोटा असला तरी मेंदूची कारवाई खरी असते. तिखट रस्सा ओरपताना कपाळावर घाम येतो, चेहरा लाल होतो. म्हणजे शरीर उष्णता बाहेर टाकायला लागतं. ‘मिरचीनं अंगात गरमी वाढते’ या समजुतीच्या हे जवळजवळ उलट आहे.

अंगाला काय वाटतं आणि अंगाचं तापमान खरोखर किती आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. उन्हाळ्याबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत केल्यानं होतात.

तापमानाचा निर्णय मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये होतो. कातडीकडून आलेले निरोप आणि स्वतःतून वाहणाऱ्या रक्ताचं तापमान ताडून तो ३७ अंशांच्या आसपास तोल राखतो. त्याचा पहिला हुकूम चेतातंतूंमार्फत सुटतो: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घर्मग्रंथी पाझरू लागतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी हवाच कातडीपेक्षा गरम असते, त्यामुळे रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांचा एकट्यानं उपयोग नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला उरते ती घामाची वाट. तीही घाम वाळला तरच. एक लीटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. थेंब जमिनीवर गळला तर त्यातून काही मिळत नाही. ‘घाम निथळतोय, म्हणजे अंग थंड होतंय’ हे म्हणूनच अर्धसत्य. नवतप्यात गारवा देणारा कूलर जुलैच्या दमट हवेत नुसती चिकचिक वाढवतो, तसंच घामाचंही होतं.

आता कांदा. ‘खिशात कांदा ठेवला की तो ऊन ओढून घेतो’ हे उमरेडच्या बसस्टँडवर आजही ऐकायला मिळेल. खिशातल्या कांद्यातलं काहीही रक्तात जात नाही, घर्मग्रंथींना त्याचा पत्ता नसतो. नुसताच निरुपयोगी असता तर सोडून दिलं असतं; पण त्याच्या भरवशावर माणूस भर दुपारी दुचाकी काढतो, हे वाईट. याउलट डोक्याला दुपट्टा बांधायची आपली रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण तो थेट ऊन आणि गरम झळ दोन्ही अडवतो.

चेतातंतूंचं काम सेकंदांत चालतं. त्यांनी खर्च केलेल्या पाण्याचा आणि मिठाचा हिशेब हार्मोन्स सांभाळतात. रक्ताचा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला की पीयूषिका ग्रंथी एडीएच सोडते आणि मूत्रपिंडं पाणी राखू लागतात. लघवी गडद पिवळी होते ती त्यामुळे. ‘तहान लागली की प्यावं, भागली की थांबावं’ हा नियम एरवी चालतो. उन्हातल्या कष्टाच्या कामात तो दगा देतो. चार घोट घेतले की तोंड-घशातले चेतातंतू मेंदूला समाधानाचा निरोप देतात. पाणी रक्तात पोचायचं असतं, तोवर तहान गेलेली असते. म्हाताऱ्या माणसांना तर तहान लागतेच कमी. त्यांना विचारत बसू नये, पेला हातात द्यावा.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हेही पूर्ण खोटं नाही. आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो आणि अल्डोस्टेरॉन हार्मोनमुळे त्यातलं मीठ कमी होतं. पण सवय झालेल्याला घाम जास्त येतो, म्हणजे पाणीही जास्त लागतं. शिवाय काही आठवडे गारव्यात काढले की सवय मोडते. उमरेडच्या उघड्या कोळसा खाणीत लांब सुटीवरून परतलेल्या कामगाराला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देणं म्हणूनच धोक्याचं. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. अशा वेळी ओआरएस, मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं चांगलं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सगळ्यात घातक गैरसमज औषधाचा. ऊन लागून अंग तापलं की घरात पॅरासिटामॉलची शोधाशोध सुरू होते. साध्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आपला काटा वर सरकवतो, म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, शरीर मात्र हरलेलं असतं. तिथे गोळीचा उपयोग शून्य, शिवाय यकृताला त्रास. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ यावरही विसंबू नका; कष्ट करताना कोसळलेल्या माणसाचं अंग ओलंचिंब असू शकतं. खरी खूण डोक्यात दिसते. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध गेली, तर १०८ ला फोन करा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. गार पाण्यानं धक्का बसेल या भीतीनं थांबू नका. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.