माळव्याची माती आणि भडोचचा किनारा

देवास जिल्ह्यातील लोहारदा या गावाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारले तर तो प्रश्न थट्टेचाच वाटावयाचा. खंबायतचे आखात तेथून तीनशे किलोमीटरांहून कितीतरी दूर आहे. परंतु लोहारदा विंध्याच्या दक्षिण अंगास वसले आहे, आणि त्या बाजूस पडणारे पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून नर्मदेस मिळते. पहिल्या जोरदार पावसानंतर नाल्यांना येणारा गढूळ लोंढा शेतातील मातीचा अंश घेऊनच निघतो. ही माती शेवटी कोठे जाते, याचा माग काढीत गेले म्हणजे समुद्रकिनारा कसा घडतो या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते.

नकाशात किनारा एका रेघेने दाखविलेला असतो. त्यामुळे तो डोंगरासारखा स्थिर असावा अशी पुष्कळांची समजूत होते. प्रत्यक्षात ती वाळू व गाळ यांची अखंड ये-जा चालणारी एक रुंद पट्टी आहे. नद्या माल आणून टाकतात. लाटा, भरती-ओहोटी आणि समुद्रप्रवाह तो हलवितात. वारा त्यातील कोरडी वाळू उचलून मागे टेकड्या रचतो. येणारा माल आणि जाणारा माल यांचा मेळ बसतो तोवर किनारा जागच्या जागी राहिल्यासारखा दिसतो. आवक घटली की समुद्र आत सरकू लागतो, आणि मग दोष समुद्राला दिला जातो!

लाटेचे काम पाहावयाचे तर कोकणात जावे. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागीच वर्तुळाकार फिरत असते. किनाऱ्याजवळ तळ लागला की लाटेचा खालचा भाग अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. ती तिरकी आली असेल तर वाळूचा कण तिच्याबरोबर तिरका वर चढतो, पण परतणारे पाणी त्याला उताराने सरळ खाली आणते. अशा रीतीने कण हळूहळू बाजूस सरकत जातो. पावसाळ्यातील उंच लाटा पुळण खरवडून काढतात आणि ती वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी रचून ठेवतात. पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू परत आणून देतात. रत्नागिरी किंवा मालवण भागातील वृद्ध कोळ्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक असते. श्रावणात वाळू गेली म्हणून घाईने भिंत उभारली तर लाट तिच्यावर आपटून उलटते आणि पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या येथील धूपप्रतिबंधक बंधारा वर्षानुवर्षे दुरुस्त करावा लागला आहे, त्याचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

नर्मदेच्या मुखाशी मात्र लाटेपेक्षा भरतीचे राज्य आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती आणि ओहोटी यांतील अंतर दोन-सव्वादोन मीटर असते. मुंबईस ते पाच मीटरांच्या आसपास जाते, आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटरांहूनही अधिक होते. कारण आखाताच्या आकारात आहे. तोंडाशी रुंद असलेले हे आखात आत निमुळते आणि उथळ होत जाते. समुद्राने आत लोटलेल्या पाण्याला पसरावयास जागा उरत नाही, म्हणून ते चढते. चंद्रसूर्याचे आकर्षण तर गोव्याला आणि भावनगरला सारखेच. दिवसातून दोनदा हे पाणी जोराने आत येते व बाहेर जाते. म्हणूनच वर्षाकाठी एवढा गाळ येऊनही नर्मदेने गंगेसारखा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे ढकललेला नाही. तिच्या मुखाशी आलियाबेटासारखी गाळाची बेटे व चिखलाची मैदाने आहेत, आणि बारीक माती तर फार लांब जाते. पाणी पिऊन फुगणारी जी चिकण काळ्या जमिनीत असते, तीच खंबायतपासून गोव्यापर्यंतच्या उथळ समुद्रतळावर मोठ्या प्रमाणात आढळते. तीत नर्मदा-तापीचा वाटा मोठा आहे.

भडोच हे भृगुकच्छ या नावाने प्राचीन काळी नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील नौकानयनाच्या ग्रंथात नर्मदामुखातील उथळ वाळवंटे आणि अकस्मात धावून येणारी भरती यांचे वर्णन आहे. परकी गलबतांना वाट दाखविण्यासाठी राजाच्या नोकरीतील कोळी पुढे जात असत, असेही त्यात नमूद आहे. त्याच ग्रंथात उज्जैनीहून भडोचला येणाऱ्या मालाची यादी आहे. माळव्याचे मौल्यवान खडे आणि तलम कापड ज्या बंदरातून बाहेर जाई, त्याच बंदराची वाट नर्मदेच्या गाळाने अवघड केली होती. त्या गाळात माळव्याच्या मातीचाही वाटा होता, ही मौजेची गोष्ट होय.

याहून मौजेची गोष्ट धार जिल्ह्यात आहे. बाघच्या परिसरातील चुनखडकांत शिंपले, समुद्री साळू आणि शार्क माशांचे दात सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदा खोऱ्यातून समुद्राची एक चिंचोळी शाखा पश्चिमेकडून आत शिरली होती. तिच्या खुणा बडवाहपर्यंत, म्हणजे लोहारद्याच्या पश्चिमेस बऱ्याच अंतरावर, आढळतात. पुढे या थरांवर काळ्या दगडाचे लाव्हारस पसरले. बाघची प्रसिद्ध बौद्ध लेणी ज्या मऊ वालुकाश्मात खोदली आहेत, तो याच थरांच्या तळाशी असतो. भिक्षूंनी ज्या खडकात विहार कोरले त्याच्या माथ्यावरून एकेकाळी समुद्र गेला होता! अलीकडचे पाहावयाचे तर, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फात अडकून पडले होते, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. त्या वेळी नर्मदेला समुद्र गाठण्यासाठी आजच्या मुखापासून पुष्कळ पुढे वाहावे लागत होते.

हे बदल हजारो वा कोट्यवधी वर्षांचे. परंतु गेल्या काही दशकांत किनाऱ्याच्या जमाखर्चात जो फरक पडला, तो माणसाच्या एका आयुष्यात मावतो. सरदार सरोवराची कोनशिला 1961 साली बसली, आणि ते धरण 2017 साली पूर्ण होऊन लोकार्पण झाले. त्याच्या वरच्या बाजूस बर्गी, इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणे उभी राहिली. इंदिरासागराच्या पाण्यासाठी 2004 साली हरसूद हे गाव उठले, हे त्या भागात कोणी विसरलेले नाही. जलाशयात शिरताच पाण्याचा वेग मंदावतो आणि जड वाळू प्रथम, नंतर माती, तळाशी बसते. लोहारद्याकडची मातीही आता एका ना एका जलाशयात विसावते. गरुडेश्वर येथील मोजणीत धरणानंतर खाली जाणारा गाळ पूर्वीच्या मानाने फारच घटलेला आढळला आहे. नाईल नदीवरील अस्वानचे उंच धरण 1970 साली पूर्ण झाल्यावर तिच्या मुखाचा किनारा झपाट्याने झिजू लागला, हे उदाहरण जगासमोर आहेच.

गाळ कमी झाला म्हणजे पूर येत नाहीत असे मात्र नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने भडोच व अंकलेश्वर भागात मोठे नुकसान केले. गाळाचे ओझे वर टाकून आलेले पाणी रिकाम्या हाताने वाहते आणि तळ व काठ खरवडू लागते. इतर वेळी नदीत पाणीच इतके थोडे उरते की भरतीचे खारे पाणी वरपर्यंत चढते. विहिरी खाऱ्या होतात, आणि गोड्या पाण्यात अंडी घालण्यासाठी समुद्रातून येणारा हिल्सा मासा दुर्मिळ होतो. खारे पाणी अडविण्यासाठी भडोचच्या खाली भाडभूत येथे दारांचा बंधारा बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांची शंका निराधार नाही. भरती नुसते पाणी आणीत नाही, समुद्रातील चिखलही आणते. पूर्वी पावसाळ्यातील पूर तो चिखल धुऊन नेत असे. पुराचा जोर बहुतेक वर्षी वरच अडविला गेला, तर बंधाऱ्याच्या समुद्राकडील अंगास हा चिखल किती साचेल, दारे किती वेळ व केव्हा उघडावी लागतील आणि त्यासाठी लागणारे पाणी वरच्या चार धरणांपैकी कोणी सोडावयाचे, याचा हिशेब भडोचला बसून पुरा होणार नाही.