पिल्लाची राखण आईच्या आंबोणातून

डुकरिणीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला ती वारेतून मिळतात. डुकरिणीची वार त्यांना पलीकडे जाऊच देत नाही. त्यामुळे पिल्लाला आधार उरतो तो आईच्या चिकाचा. आपल्याला चीक म्हटलं की खरवस आठवतो. सव्वा-दीड किलोच्या या जिवासाठी मात्र तो जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. चिकातली प्रतिपिंडं आतड्यातून थेट रक्तात उतरतात, पण साधारण २४ तासांत आतड्याची ही वाट बंद होते. त्यानंतर चीक कितीही प्यायला, तरी त्यातली प्रतिपिंडं रक्तात उतरत नाहीत. पहिल्या दिवसात किमान २०० ग्रॅम चीक पोटात गेला, तर पिल्लू तरण्याची आशा धरायची.

म्हणूनच पिल्लाच्या तब्येतीची गोष्ट आईच्या खाण्यापासून सुरू होते. बाळंतिणीला अळीव आणि डिंकाचे लाडू करून घालणाऱ्या घरात हे वेगळं समजवायला नको. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस गाभण राहते. त्यातले शेवटचे तीन-चार आठवडे आणि नंतरचा पिल्लं पाजण्याचा काळ, या दिवसांत तिच्या आंबोणात यीस्ट मिसळण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. पाव फुगवणारं, बिअर आंबवणारं तेच हे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फक्त खाद्यासाठी त्याचे खास वाण निवडलेले असतात.

या पद्धतीची गरज कशी निर्माण झाली, हे डेन्मार्ककडे पाहिलं की नीट कळतं. या देशात माणसांच्या जवळपास दुप्पट डुकरं आहेत. तिथली एक डुकरीण वर्षाला तीसहून जास्त पिल्लं वाढवून देते. एका विणीत पिल्लं होतात सतरा-अठरा आणि सड असतात चौदा ते सोळा. पान्हा सुटतो तासाभरानं, तोही जेमतेम वीस सेकंद. त्यात जो मागे पडला तो उपाशी. पुढे तीन-चार आठवड्यांतच पिल्लांना आईपासून तोडलं जातं. दूध बंद, खाणं नवं, सोबती नवे आणि आईच्या चिकातून आलेलं संरक्षण ओसरत आलेलं. हगवण लागते ती नेमकी याच दिवसांत.

या हगवणीवर अनेक वर्षं स्वस्त तोडगा होता: खाद्यात थोडं थोडं प्रतिजैविक. त्यानं वजनही वाढायचं. पण अशा अर्धवट मात्रेला सरावलेले जंतू पुढे माणसाच्या औषधांनाही दाद देईनासे होतात. स्वीडननं १९८६ मध्येच ही प्रथा बंद केली. डेन्मार्कनं नव्वदच्या दशकाअखेर ती सोडली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविकं देण्यावर बंदी आली. मग भार पडला झिंक ऑक्साइडवर. दूध तोडल्यावर दोन आठवडे, खाद्याच्या किलोमागे अडीच-तीन हजार मिलिग्रॅम! हे जस्त शेणाबरोबर शेतात साठू लागलं. २६ जून २०२२ पासून औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइडही बंद झालं. दोन्ही कुबड्या गेल्यावर यीस्टकडे अधिक गांभीर्यानं पाहिलं जाऊ लागलं. योगायोग असा, की यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवण्याची किमया एमिल ख्रिस्तियान हॅन्सन यांनी १८८३ मध्ये डेन्मार्कमध्येच, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत साधली होती.

बाजारात यीस्ट मुख्यतः दोन रूपांत मिळतं. एक जिवंत. ग्रॅममागे साधारण हजार कोटी पेशी. या पेशी आतड्यात कायमच्या वस्तीला राहत नाहीत, म्हणून त्या रोज द्याव्या लागतात. वाटेत त्या प्राणवायू वापरून टाकतात आणि कोंडा, तूस पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना ते मानवतं. डुकरिणीच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. विण्याच्या सुमारास तिला बद्धकोष्ठ होतो, वीण लांबते आणि शेवटची पिल्लं गुदमरतात. पोट साफ राहणं ही इथे किरकोळ बाब नाही.

दुसरं रूप यीस्टच्या पेशीभित्तिकेचं. तिच्यातले बीटा ग्लुकॅन पांढऱ्या पेशींना जागं करतात. मॅनन नावाची शर्करा जंतूंना चकवते: काही जिवाणू आतड्याला चिकटण्याऐवजी तिलाच धरून बसतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. विक्रेते ही गोष्ट रंगवून सांगतात, पण ती अर्धीच आहे. पिल्लांना हगवण लावणारे ई. कोलायचे प्रमुख प्रकार मॅननला भुलत नाहीत, ते आतड्यावर वेगळ्याच जागी चिकटतात. म्हणून मला पिल्लापेक्षा आईच्या वाटेनं येणारा लाभ जास्त भरवशाचा वाटतो. यीस्ट दिलेल्या डुकरिणींच्या चिकात प्रतिपिंडं वाढल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. काही प्रयोगांत फरक दिसलाही नाही. वाण, मात्रा आणि गोठ्याची स्वच्छता यांवर सगळं अवलंबून असतं. शिवाय खाद्याचे पेलेट बनवताना लागणाऱ्या उष्णतेत साधं जिवंत यीस्ट मरतं, हे खरेदी करताना विसरून चालत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या उपायांपैकी एक प्रतिजैविक. त्याला निष्प्रभ करणारं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमधून जगापुढे आलं, तेही डुकरांच्या तपासणीतून. भारतानं जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं होती आणि ती पाळणारे बहुतेक लहान शेतकरी. ईशान्येत तांदळाची बिअर गाळून उरलेला, यीस्ट असलेला चोथा डुकरांना घालायची रीत जुनीच आहे. महागड्या औषधांचा खर्च या घरांना पेलणारा नाही आणि चुकीच्या औषधाचा तर मुळीच नाही.

तेव्हा डुकरं पाळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. यीस्टचं पोतं आणणार असाल, तर आधी विण्याची जागा कोरडी आणि ऊबदार करा, प्रत्येक पिल्लू पहिल्या काही तासांत सडाला लागेल याची खात्री करा, दुबळ्या पिल्लांना हातानं चीक पाजा. आणि यीस्ट पिल्लांना हगवण लागल्यावर नको, गाभण डुकरिणीच्या आंबोणात घाला, विण्याच्या तीन आठवडे आधीपासून.