हेड्यांच्या मुक्कामी निघाली पेढी

आगगाडी येण्यापूर्वी वेल्समधले हेडी काळ्या गुरांचे कळप पायी हाकत लंडनच्या बाजारी नेत. वाट खडकाळ, म्हणून गुरांना पत्री मारीत. दिवस मावळला की वाटेवरच्या सराईत मुक्काम. माणसांना शेकोटीची ऊब, जनावरांना चारा.

परतताना कमरेच्या कशात रोकड आणि वाटेवर लुटारूंचे भय! यावर तोड निघाली ती लँडव्हरी गावच्या ‘किंग्ज हेड’ सराईत. डेव्हिड जोन्स नावाच्या हेड्याने १७९९ साली तिथेच पेढी काढली. नोटेवर चित्र काळ्या बैलाचे! म्हणून तिचे नावच पडले ‘काळ्या बैलाची बँक’. १९०९ साली ती लॉइड्स बँकेत सामील झाली. सराईची वास्तू मात्र अजून उभी आहे.

मंडळी, बँकेची पायरी चढताना बिचकू नका. अशी एक बँक गुरांच्या वाटेवरच जन्मली आहे.