पाच मीटरच्या हॉलमधला खर्ज

महागडे स्पीकर आले, जागेवर लागले, आणि तरीही डग्गा घुमतोच. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलं, तर तोच डग्गा गायब! मग कोणीतरी डिरॅक लाइव्ह किंवा ऑडिसीसारखं सॉफ्टवेअर सुचवतं. मायक्रोफोन मांडायचा, स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजू द्यायचा, की खोली ‘दुरुस्त’. खोली मात्र होती तशीच राहते. सॉफ्टवेअर बदलतं ते फक्त स्पीकरकडे जाणारा सिग्नल.

हा फरक एका उदाहरणाने कळेल. हॉल पाच मीटर लांब धरू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींत पहिला अनुनाद 34 हर्ट्झच्या आसपास होतो आणि दुसरा 69च्या. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाची मूळ कंपनसंख्याही साधारण 69! म्हणजे हा स्वर त्या दोन भिंतींलगत आणि हॉलच्या मधोमध फुगणार, आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर खुर्ची टाकणाऱ्याला जेमतेम ऐकू येणार.

फुगवटा उतरवणं सॉफ्टवेअरला चांगलं जमतं. मागे रेंगाळणारं घुमणंही त्याबरोबर आटोपतं. जिथे स्वर गायब होतो तो खड्डा भरणं ही वेगळी गोष्ट. ‘कमी आहे ना, मग वाढवा’ हा हिशेब तिथे चालत नाही, कारण थेट लाटेबरोबर तिला खोडून काढणारी परावर्तित लाटही तेवढीच वाढते. दहा डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरकडून दहापट शक्ती घ्यावी लागते, म्हणजे 20 वॅटच्या जागी 200. त्यापेक्षा खुर्ची अर्धा मीटर सरकवावी. फुकट काम आहे.

जाड पडदे आणि दोन इंची फोम? टाळीचा खणखणाट त्यांनी जाईल, आणि तो घालवणं सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण 69 हर्ट्झची लाट पाच मीटर लांब असते. तिला फोमचा पत्ताही लागत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज सपाट रेषेचा. मोजमापाचा आलेख सरळ झाला की आवाज उत्तम, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात चांगला स्पीकर साध्या खोलीत मोजला, तर आलेख वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत जातो, आणि कानालाही तेच रुचतं. हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह यांनी 2009मध्ये मांडलेल्या श्रवणचाचणीत खोली-दुरुस्तीची एक प्रणाली चक्क ‘दुरुस्ती नाही’पेक्षाही खाली गेली होती. मायक्रोफोन थेट आणि परावर्तित आवाज एकत्रच मोजतो, कान ते बऱ्याच अंशी वेगळे ओळखतो. म्हणून साधारण 300 हर्ट्झच्या वर चांगल्या स्पीकरच्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.

मोजमाप एकाच जागी करू नये, आणि फोनच्या माइकने तर नाहीच. यूमिक-1सारख्या माइकला त्या-त्या नगाची कॅलिब्रेशन फाइल मिळते. आलेख काढायला ‘रूम ईक्यू विझार्ड’ मोफत आहे. शेवटी दुरुस्ती चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण फुगवटे कापल्यावर तो थोडा खाली येतो आणि खाली आलेला आवाज पहिल्या झटक्यात बेचवच वाटतो.