आधी ऊब, मग किल्ली

मोटारीचे इंजिन विजेने आधीच गरम करण्याची युक्ती इंधन वाचवण्यासाठी निघालीच नव्हती. गाडी सुरू व्हावी, एवढीच गरज होती. उणे ३० अंशांत ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर उतरतो आणि स्टार्टर नुसता कण्हतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचे अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडमधल्या एका बोल्टच्या जागी बसणारा हीटर बनवला. १९४९ मध्ये त्याचे पेटंट निघाले. पुढे कॅनडातले विनिपेग, अलास्कातले फेअरबँक्स, फिनलंड, स्वीडन इथल्या पार्किंगमध्ये विजेचे पॉइंट आले.

धुराकडे लक्ष गेले ते बरेच नंतर. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्त सोडावे लागते. चोक ओढून जुनी फिएट सुरू केलेल्यांना तो उग्र वास आठवेल. त्या धुरात न जळलेले हायड्रोकार्बन असतात आणि वास नसलेला, घातक कार्बन मोनॉक्साइडही. १९७५ पासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, पण तो अडीच-तीनशे अंशांना तापल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे छोट्या फेरीतले बहुतेक विष पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडू लागले. युरोपने २००२ पासून पेट्रोल गाड्यांची उणे ७ अंशांतली चाचणी सक्तीची केली, ती याच कारणाने. फेअरबँक्समध्ये तर हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत कोंडून राहते आणि कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. गाड्या प्लगला लावणे हा तिथे हवा सुधारण्याच्या सरकारी उपायांचाच भाग झाला. नव्या गाड्यांचे इंजिनही सुधारत गेले आणि २००४ मध्ये शहर त्या वायूच्या मर्यादेत आल्याचे मान्य झाले. हीटरची खरी कमाई मला इथे दिसते.

इंधनाचा हिशेब इतका सरळ नाही. उणे २० अंशांत हीटर वापरल्यास एकूण १० टक्क्यांपर्यंत इंधन वाचू शकते, असे कॅनडाचे सरकार सांगत आले आहे. पण फायदा आखूड फेऱ्यांचा. लांब पल्ल्यात तो विरून जातो. शिवाय वीज कुठून आली? ५०० वॉटचा हीटर दोन तास चालला की एक युनिट जाते. समजा, त्याने एका स्टार्टला दीडशे मिलिलिटर पेट्रोल वाचवले, तर साधारण ३५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड टळतो. ते युनिट कोळशाचे असेल तर वीजघराच्या धुराड्यातून जवळपास किलोभर बाहेर पडलेला असतो. जलविद्युत किंवा अणुवीज असेल तर बचत निखळ.

आणि रात्रभर प्लग लावून ठेवला तर? इंजिन दोन-तीन तासांत तापायचे तेवढे तापते. नंतरची वीज बाहेरची हवा तापवते. दहा तासांची पाच युनिटे जाळून वाचते तेवढेच दीडशे मिलिलिटर. म्हणून हीटरइतकाच टायमर महत्त्वाचा. नॉर्डिक देशांत तो पार्किंगच्या खांबावरच बसवलेला असतो. जिथे नाही, तिथे आधी तो बसवावा.